नागप्पाने पाहिलेली मुंबई

बब्रुवानाच्या पाठीवर दुसरा वेत मोडला, तेव्हा पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी शिपायाला हाताने थांबवले आणि नागप्पाकडे वळून विचारले, "हां, मग? राणीच्या बागेत काय पाहिलंत?"

"वाघ," नागप्पा म्हणाला. "आपल्या वळूयेवढा. पिंजऱ्यात निजला हुता."

"आणि समुंदर?"

"नळदुर्गाच्या किल्ल्यातलं पाणी बघितलंय न्हवं तुमी? तसलंच. फकस्त पलीकडची भिंत न्हाय."

अमीनसाहेब हसले. त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. चावडीच्या ओसरीच्या खांबाला बांधलेला बब्रुवान तोंडातले रक्त जमिनीवर थुंकला.

दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, नागप्पाचा चुलतभाऊ महांतप्पा अणदूरच्या वाटेवरील सामाईक विहिरीपाशी मरून पडला होता. कुऱ्हाडीचे घाव पाच होते. त्यांतले तीन तो पडल्यानंतरचे. मान कातडीच्या आधाराने तेवढी उरली होती. त्याच्यापाशी प्रथम पोहोचला तो त्याचा सालगडी बब्रुवान. त्याने धन्याला मांडीवर घेतले आणि त्याचे कपडे रक्ताने भिजले. त्या कपड्यांवरच पोलिसांनी त्याला धरले.

पायरीवर बसलेली महांतप्पाची विधवा शिवकांता एकाएकी उठली.

"त्या गरिबाला कशाला मारता? इचारायचं तर ह्याला इचारा! पाण्याच्या पाळीवरनं जीव घेईन म्हणला हुता, साऱ्या गावासमोर!"

"म्हणलो हुतो, वयनी. रागात मानूस काय बी बोलतंय," नागप्पा खाली पाहत म्हणाला. "पर म्या मुंबईत हुतो."

"मुंबईत! जलमात सोलापूरच्या पुढं गेला न्हाईस, आन् पाळीच्या भांडणाला आठ दिस झाले न्हाईत तर तुला मुंबई बघायची हौस आली!"

"पन्नाशी उलटली, वयनी. मरायच्या आधी समुद्र बघावा वाटला."

शिवकांतेचा राग खरा होता. परंतु राग म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा नागप्पाच्या बाजूचा होता. मंगळवारी सोलापूरच्या मोटारीत बसताना त्याला अर्ध्या गावाने पाहिले होते आणि रविवारी उतरताना उरलेल्या अर्ध्याने. मधल्या दिवसांत मुंबईचा शिक्का असलेली दोन पत्रे त्याच्या घरी आली होती. नागप्पाला लिहिता येत नसे. पत्रे धर्मशाळेच्या कारकुनाने लिहून दिलेली होती. पहिल्यात राजाबाईचा मनोरा आणि राणीची बाग होती. दुसऱ्यात घारापुरीची लेणी होती आणि शेवटी एक ओळ: उद्या शुक्रवारी चार वाजता गोदीवर जहाजे पाहीन.

"महांतप्पाची किंकाळी तुमच्या वहिनीनं ऐकली, तेव्हा चारची मोटार रस्त्यानं चालली होती," अमीनसाहेब म्हणाले. "तुम्ही तेव्हा?"

"गोदीवर. फाटकापाशी."

"चारलाच?"

"चार म्हंजे चारच, साहेब. मनोऱ्याचे टोले मोजले म्या."

"घरचं कुणी सोबत?"

"न्हाय. बायको घरी हुती. पोरगा शांतलिंग सोलापुरास मामाकडं गेलाय. त्यो अजून आला न्हाय."

अमीनसाहेबांनी बयान लिहून संपवले आणि शिपायाला खूण केली. शिपायाने बब्रुवानाचे केस धरून डोके खांबावर आपटले. दात फुटल्याचा आवाज झाला.

"कबूल कर," अमीनसाहेब शांतपणे म्हणाले. "हे बयान पक्कं झालं की दुसरा कुणी उरत नाही. फासावर तूच जाशील."

"म्या फकस्त मांडीवर घेतलं हो," बब्रुवान म्हणाला. "धनी हुते माजे."

शिवकांतेने पदर तोंडात कोंबला. नागप्पा अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवणार, तोच अमीनसाहेबांनी कागद किंचित मागे ओढला.

"एक अडचण आहे, शेट. माझा मेहुणा मुंबईला बंदरावर कारकून आहे. काल उमरग्याला आला. त्याचे दोन्ही कान गेलेत; लिहून सांगतो सगळं. अखबारांत येऊ दिलं नाही, जंग चालू आहे ना."

"काय येऊ दिलं न्हाय?"

"शुक्रवारी गोदीत बारुदानं भरलेलं जहाज फुटलं. दुपारपासून धूर निघत होता. लोक तमाशा पाहायला फाटकाशी जमले. चार वाजले, आणि सगळं वर उडालं. मेहुणा सांगतो, फाटकापाशी अख्खा माणूस सापडला नाही. कुणाचा हात, कुणाचा जोडा."

अमीनसाहेबांना प्रकरण आजच मिटवायचे होते. ते पुढे वाकले आणि त्यांनी आवाज उतरवला.

"घाबरू नका. माणूस वेळ विसरतो. तुम्ही चारच्या आधी निघाला असाल. साडेतीन लिहू? मान हलवा, बस. मग घरी जा."

नागप्पाने मान हलवली नाही. शाईचा अंगठा तसाच हवेत होता.

"फाटकापाशी?" त्याने विचारले.

"हां."

"चारला?"

"चारला. साडेतीन लिहू ना?"

नागप्पा ओसरीवरच कोसळला आणि त्याने अमीनसाहेबांचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"माणसं धाडा, साहेब, शांतलिंगाला हुडका," तो ओरडला. "मुंबईला त्यो गेलाय. म्या इथंच हुतो."