एकतीस आणि एक

“काका, अहो आज एक तारीख! विषम! गाडी कुठं नेताय?”

ललितने ओट्यावरून हाक मारली. मल्हारीकाका पावसात भिजत आपली जुनी स्कूटर ढकलत रस्ता ओलांडत होते. ते थांबले नाहीत.

मेन रोडमागच्या त्या गल्लीत नियम साधा होता. विषम तारखेला गाड्या दवाखान्याच्या बाजूला, सम तारखेला गुलमोहराच्या. मोकळी राहिलेली बाजू सिंधुबाई झाडायची. पाऊस लागला की मात्र खराटा चालत नाही, पानं डांबराला चिकटून बसतात. मग सिंधुबाई नुसत्या गटाराच्या जाळ्या मोकळ्या करायची. टोइंगची गाडीही फिरकायची नाही. गाड्या असतील तिथंच राहायच्या. आठवडाभर गल्लीत कुणीच गाडी हलवली नव्हती. मल्हारीकाका तेवढे रोज सकाळी खाली उतरून स्कूटरची बाजू बदलत. गल्ली हसायची. ललित म्हणायचा, “काका पावसालाही पावती फाडतील!”

आणि आज तेच काका चुकत होते. काल एकतीस जुलै, आज एक ऑगस्ट. दोन्ही विषम. गाडी हलवायचं कारणच नव्हतं.

ललितला सातपूरला कंपनीत जायची घाई होती, तरी तो पाण्यात उतरला. “विसरलात काका. द्या, मी परत लावतो.”

काकांनी हँडल घट्ट धरलं. “विसरलो नाही. राहू दे.”

जाळीपाशी वाकलेली सिंधुबाई उठली. “बाई बऱ्या हायेत ना?”

“सकाळपासून गोळी घेत नाहीये. घेतली म्हणते. आणि डॉक्टरांनी बजावलंय, एकही चुकवायची नाही.”

काकांच्या बायकोला, सावित्रीबाईंना, जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. तेव्हापासून पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी त्या बसून असत. बोलणं नीट होतं, आठवण तेवढी गळत चालली होती.

“मग वर जा की,” ललित म्हणाला. “इथं काय करताय? आज इकडे लावली, मग उद्या दोन तारखेला पुन्हा तिकडे? म्हणजे महिनाभर चुकीचीच बाजू! ऊन पडू दे, उचलून नेतील.”

“बघू,” काका म्हणाले. त्यांनी स्कूटर गुलमोहराखाली स्टँडला लावली आणि वर पाहिलं.

खिडकीचा पडदा सरकला. सावित्रीबाई बराच वेळ स्कूटरकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“अहो, बदलला वाटतं दिवस! गाडी हलली नव्हती ना, मी म्हटलं अजून कालचाच चाललाय. आणा ती गोळी.”

काका लगबगीनं जिना चढले. ललित तसाच पाण्यात उभा राहिला.

दोन तारखेला लख्ख ऊन पडलं. गल्लीतल्या सगळ्या गाड्या गुलमोहराकडे गेल्या. दवाखान्याच्या मोकळ्या बाजूला एकच स्कूटर उभी होती. टोइंगची गाडी तिच्यापाशी थांबली.

“बाई, तुमच्या झाडायच्या आड येतेय ना? उचलू का?”

सिंधुबाईने स्कूटरच्या चाकांभोवती हलकेच खराटा फिरवला.

“नको भाऊ. वरच्या बाईंची तारीख हाय ती.”