नुसती यादी

“कावून थांबलीस?” राधाकिशन आबांनी विचारलं.

“नेकनूरच्या केंद्रावरचं तेवढं पुसू का, आबा?”

“बावीसच्या बावीस. उगं शाणपणा नको.”

रोहिणीनं मान हलवली. डेअरीच्या ऑफिसला आतून कडी होती आणि तिचा मोबाइल आबांच्या खिशात. बाहेर पायरीवर तिचे वडील, अभिमन्यू, बसले होते. वीस वर्षं ते आबांचा दुधाचा टँकर चालवत आले होते. कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून पोरीला बोलावलं, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक.

“तुझ्या बापाला च्या पाजलाय,” आबा म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा सांगत होते, आणि सांगण्याचा अर्थ रोहिणीला पहिल्याच वेळी कळला होता.

मंगळवारी डेअरीच्या फाटकासमोर बंकट मेंढपाळ जीपखाली गेला. जीप चालवत होता आबांचा मुलगा हनुमान. पाहिलं फक्त फाटकावरच्या कॅमेऱ्यानं. बंकटची बायको रतनबाई तीन दिवस पोलीस ठाण्याच्या दारात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं उद्या ते चित्रण ताब्यात घ्यायला माणूस येणार होता. ते साठवलेलं होतं बावीस दूध केंद्रांच्या कॉम्प्युटरांत, प्रत्येकात एक प्रत. एकीकडं बिघडलं तर दुसरीकडं असावं म्हणून रोहिणीनंच ही सोय केलेली. इथं बसून एक आदेश दिला की बावीस ठिकाणी एकदम काम होई. आबांना नेमकं तेवढं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. आदेशाच्या शेवटी दोन रेघा देऊन ‘चेक’ लिहिलं की कॉम्प्युटर काय काय केलं असतं त्याची नुसती यादी दाखवतो. करत काहीच नाही. या धंद्यातली शहाणी माणसं आधी अशी यादी बघतात. ती बरोबर दिसली की बाणाचं बटण दाबून तोच आदेश परत आणायचा, चेक खोडायचा आणि मग खरं चालवायचं. रोहिणी चार वर्षं दिवसातून दहादा हेच करत आली होती. आज फक्त अर्ध्यावर थांबायचं होतं.

तिनं आदेश लिहिला. आबा खुर्चीमागं वाकले.

“हे शेवटाला काय लिवलं?”

“तपासायला, आबा. काही राहू नये म्हणून.”

“हां. तपासल्यालं बरं.”

तिनं एंटर दाबलं. बावीस ओळी एका दमात उतरल्या, प्रत्येकीत बदल झाल्याची पिवळी अक्षरं. एवढी मोठी चित्रणं खरोखर पुसायची तर वेळ लागतो, पण हे आबांना कोण सांगणार?

“झालं?”

“झालं.”

आबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि दाराची कडी काढली. रोहिणीला रडूच यायचं बाकी होतं. सगळं जागच्या जागी होतं. उद्या रतनबाईच्या बाजूनं बोलणारं काहीतरी या जगात शिल्लक राहणार होतं, आणि ते तिनं राखलं होतं.

हनुमान आत आला. “पुसलं?”

“माज्या डोळ्यादेखत,” आबा म्हणाले. “पोरगी लई हुशार हाय.”

“मी कुठं बगितलं? परत चालव बरं.”

रोहिणीला जवळजवळ हसू आलं. नुसती यादी तर होती, शंभरदा दाखवली असती.

“दावते की, हनुमानभाऊ.”

उघड्या दारातून वडील दिसले. टोपी झटकत ते उठत होते, पोरीची काळजी चेहऱ्यावर मावत नव्हती. “आलेच, दादा!” ती त्यांच्याकडं बघून म्हणाली. बोटं आपली सवयीनं की-बोर्डवर चालत होती, बाण, खोड, खोड, एंटर.

तिनं मान वळवली तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. बऱ्याच वेळानं दुसरी उतरली.