आत्याचं रबराचं झाड

भाच्याची पाठ वळली रे वळली, की आत्या हातातला पेला रबराच्या झाडाच्या कुंडीत रिकामा करायची.

हाडं भरून यायची पावडर होती म्हणे ती. रोज संध्याकाळी तो पाण्यात कालवून आणायचा. चव कडूजहर. न्हाणीघरात पडून आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, मागेपुढे कोणी नाही, म्हणून हा राहायला आला होता. घर आत्याच्या नावावर, आणि तिच्यामागे ते त्यालाच जाणार होतं.

सुरुवातीला ती मुकाट्यानं प्यायली. मग डोकं गरगरायला लागलं, बोटं थरथरायला लागली, सुईत दोरा ओवता येईना. उभा जन्म शिलाईवर काढलेली बाई ती, तिला हे कळल्याशिवाय राहतंय होय! पेला टाळला आणि डोकं थाऱ्यावर आलं. तेव्हापासून औषध झाडाला आणि धास्ती तिला.

"याला दुसऱ्या कोणी पाणी घालायचं नाही," तिनं भाच्याला बजावलं. "मुळं कुजतात. मी माती बोटानं चाचपून बघते."

"बरं बाई."

दर रविवारी कुंड्या बाल्कनीत न्यायचं काम मात्र त्याचंच. पानं धुवायचा, निथळली की आत आणायचा. आत्याला वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं.

झाड कलायला लागलं तेव्हा तिनं त्याला काठीचा आधार दिला आणि लाल दोऱ्यानं बांधलं. भाचा बघत उभा होता.

"लहानपणी ही गाठ शिकवताना किती धपाटे घातलेस," तो हसला. "जमली नाही ती नाहीच."

"माझी गाठ कात्रीशिवाय सुटत नाही. धसमुसळ्याचं काम नाही ते."

आणि मग पानं पिवळी पडायला लागली. खालचं एक गळलं, पाठोपाठ दुसरं. आत्या दार आतून लावून झोपायला लागली. त्यानं चहा आणला तरी दचकायची. सांगणार कोणाला? शेजारीण तर त्याचेच गोडवे गात होती.

"अंधारात मरतंय गं ते," भाचा म्हणाला. "आठवडाभर बाल्कनीत राहू दे. उजेड लागला की बघ."

तो आठवडा आत्यानं पेला खिडकीबाहेर ओतला. शेजारणीला एकदा सांगूनच टाकावं, असं रोज ठरवायची आणि रोज गिळायची.

भाच्यानं कुंडी परत आणली. झाड हिरवंगार, पानं तुकतुकीत, शेंड्याला नवा लालसर कोंब. आत्या बघतच राहिली. विष मुळाशी गेलं असतं तर उजेडानं थोडंच उतरलं असतं? डोक्याची ती गरगर न्हाणीघरात पडल्याच्या धक्क्यानं झाली असणार. आपलंच मन काळं. ज्यानं रात्रंदिवस केलं, त्याच्याबद्दल आपण काय काय चिंतलं! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"याला तोंड असतं तर तुझे आभार मानले असते यानं," ती म्हणाली.

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" भाचा म्हणाला आणि पेला पुढे केला.

या खेपेला तिनं त्याची पाठ वळायची वाट पाहिली नाही. त्याच्यादेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तो रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात गेला.

कितीतरी दिवसांनी आत्याला हलकं वाटलं. वॉकर सरकवत ती झाडापाशी आली. खोड चांगलं भरलेलं दिसत होतं, दोरा काचत असेल. लाल दोरा होता तसाच होता, काठीही तीच. तिनं शिलाईच्या डब्यातून कात्री काढली, दुसऱ्या हातानं दोऱ्याचं टोक धरून जरासं ताणलं, आणि कात्री लावायच्या आधीच गाठ सुटली.