मुकी होडी

बंदूक घरीच खुंटीला राहिलीय, हे खमीसने बेट बरंच मागे पडल्यावर सांगितलं. होडीतल्या बायकांचं गाणं थांबलं.

"मग वाजवणार काय?" दरवीशमामांनी विचारलं. "तोंड?"

"झडती घेतली तर? नवरीच्या होडीत बंदूक सापडली, तर वरात कुठे जाईल माहीत आहे ना?"

ते माहीत नसलेलं माणूस होर्मुझच्या त्या पाण्यात उरलं नव्हतं. समोर एका मोठ्या देशाची करडी युद्धनौका उभी होती आणि तिच्यावर डोळा ठेवायला दुसऱ्याची. दोघीही तेलाच्या जहाजांची राखण करायला आल्या होत्या. त्या आल्यापासून मोबाइल मुके झाले, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दिलेल्या लेकीबाळींची खुशाली वाऱ्याला विचारायची वेळ आली.

मामांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "तेल एकाचं, पहारा दुसऱ्याचा, पाणी आपलं. आणि आपणच चोरासारखे."

"हळू बोला, मामा."

"मी हळू बोलीन रे. पण मैथाला काय ऐकू जाईल?"

मैथा ही खमीसची धाकटी बहीण. तिच्याच मुलाला खमीस आपली शम्सा देत होता. नवरीची होडी डोंगराच्या टोकाला वळसा घालून खाडीत शिरली की हवेत बार काढायचा, ही दोन्ही किनाऱ्यांची रीत होती. बार ऐकला की नवऱ्याकडची माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावत येतात. मुकी होडी आली तर ती मयताची. गेल्या उन्हाळ्यात मैथाचा नवरा जाळी टाकायला गेला, कुणाच्या तरी गोळीने मेला आणि मुक्या होडीतून घरी आला. कोणाची गोळी, ते दोन्ही युद्धनौकांवाले एकमेकांवर ढकलत राहिले.

"मैथा शहाणी आहे," खमीस म्हणाला. "तिला कळेल. सगळं जग बघतंय इथे काय चाललंय ते."

शम्सा बुरख्याआडून म्हणाली, "बाबा, आत्याला भीती वाटेल."

"तुला सुखरूप उतरवतो की नाही ते बघ. भीती काय, घटकाभराची."

अर्ध्या वाटेवर गस्तीची वेगवान होडी आडवी आली. तिच्यावरच्या पोराने नवरीची पेटी उघडायला लावली, अत्तराची बाटली हुंगून पाहिली आणि डोलकाठीकडे बोट केलं. तिथे लग्नाचं लाल कापड फडफडत होतं.

"निशाण कोणत्या देशाचं?"

"नवरीचं आहे," मामा म्हणाले. "अजून तिला कुणी मान्यता दिलेली नाही."

पोरगा हसला नाही. "उतरवा. लांबून भलतंच वाटतं."

खमीसने स्वतःच्या हाताने ते कापड उतरवलं, घडी घालून शम्साच्या मांडीवर ठेवलं. गस्तीची होडी लांब गेली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. बंदूक असती तर काय झालं असतं, हे त्याने मामांना पुनःपुन्हा ऐकवलं. मामांनी मान डोलावली. त्या वेळी खमीसचं अगदी बरोबर होतं.

टोकाला वळसा पडला, युद्धनौका डोंगराआड गेल्या आणि खाडी दिसली. किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती.

"आता गा," खमीस बायकांना म्हणाला. "मोठ्याने गा."

बायका गायल्या. पण वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. त्यातून इंजिनाची धडधड. तुकड्या-तुकड्यांनी जे पलीकडे पोचलं असेल, ते रडण्यासारखंच ऐकू आलं असणार. डोलकाठी बोडकी होती.

किनाऱ्यावरची गर्दी जागच्या जागी बसली. मग तिकडून वाऱ्यावर आवाज आला, आणि तो मात्र स्पष्ट होता. गाणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या. खमीस उभा राहून दोन्ही हात हलवू लागला, लाल कापड फडकवू लागला. तो जितका हात हलवी तितका तिकडचा आक्रोश वाढे.

होडी वाळूला लागली तेव्हा पाण्यात कोणीही आलं नव्हतं. खमीसने शम्साला हाताला धरून उतरवलं आणि तिच्या तोंडावरचा बुरखा सर्वांसमोर दूर केला. "ही बघा. जिवंत आहे. बंदूक आणली नाही, एवढंच. माझं चुकलं."

नवरा मुलगा गुडघ्यांवर बसला होता, नवा सदरा वाळूने भरलेला. मैथाच्या केसांत वाळू होती. तिच्यामागे चुलीपाशी लग्नाचं मोठं पातेलं पालथं पडलं होतं. मयताच्या दिवशी घरात शिजलेलं खात नाहीत. बोकडाचा सगळा भात वाळूवर पसरला होता, त्यावरून वाफ निघत होती, आणि समुद्रपक्षी जवळ जवळ सरकत होते.

मैथाने शम्साचे गाल चाचपले, खांदे चाचपले, हात उलटेसुलटे करून पाहिले.

"मैथा," खमीस म्हणाला, "मला वाटलं, तुला कळेल."

"कळलं ना," ती म्हणाली. "मला एकच गोष्ट कळते आता."

तिने केसांतली वाळू झटकली, पक्ष्यांना हाकललं आणि ताट घेऊन भाताच्या ढिगाशी बसली. नवरीने सासरचा पहिला घास खाल्ल्याशिवाय लग्न लागत नाही. बोटांनी अलगद, वरचा वरचा भात उचलून तिने ताटात घेतला, वर मांसाचा एक तुकडा ठेवला आणि ताट शम्साच्या हातात दिलं.

"हळू चाव, पोरी," ती म्हणाली. "मी बघून घेतलंय. तरी वाळू लागेल."