शेवटचा अभंग आणि काकडी

या, जरा जवळ सरका, माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो. नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात सप्ताहात माझं पहिलंच कीर्तन होतं, आणि "लोकांच्या डोळ्यांत पाणी आणीन" असं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. मंडपामागे भागीरथाकाकू पंगतीच्या कोशिंबिरीसाठी काकडी चिरून बसल्या होत्या. "हा शेवटचा अभंग" असं मी म्हणताच त्यांनी काकडीला मीठ लावलं. त्यानंतर मला आणखी दोन शेवटचे अभंग आठवले.

पंगत बसली तेव्हा पातेल्यात काकडी पोहून राह्यली होती. शाळेत विज्ञान शिकवणारी माझी सून रूपाली म्हणाली, "मामाजी, बाहेर मीठ असलं की काकडीच्या पेशींतलं पाणी तिकडे ओढलं जातं. जेवढा उशीर, तेवढं जास्त पाणी."

मी हळूच काकूंना विचारलं, "अन् लोकांच्या डोळ्यांत आलं का पाणी?"

"लोकं त झोपून गेले, बुवा. तुमच्या कीर्तनात एकटी काकडीच रडली."

 

तर माउलींनो, कोणी बुवा "शेवटचा अभंग" म्हणाले, तर मिठाला हात लावण्याआधी आमच्या भागीरथाकाकूंची आठवण ठेवा.