तांदळाच्या डब्याचं घनफळ

गिरण्यांचा संप लांबत चालला होता, पण अभ्यासक्रम काही थांबत नव्हता. करंदीकरबाईंनी लालबागच्या आपल्या वर्गाला सांगितलं, घरातला तांदळाचा चौकोनी डबा बाहेरून मोजून पृष्ठफळ काढा आणि आतून मोजून घनफळ. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरं तयार होती. राहिली एकटी मंजुळा.

"आतून मोजता नाही आलं, बाई. डबा भरलेला होता."

सगळ्या वर्गाने माना वळवून तिच्याकडे पाहिलं. बाईंना काहीच उमगलं नाही.

"मग आज रिकामा करून मोज."

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाने खालमानेने उत्तर सांगितलं.

"मला नाही करावा लागला रिकामा, बाई. बाबा चोरून गिरणीत कामाला जातात, हे काल घरोघरी कळलं. चाळीतल्या काकांनीच डबा गटारात ओतला."