दारात आडवी काठी

डॉक्टरांनी पेन, किल्ली आणि घड्याळ दाखवलं, पण बाबांना एकाचंही नाव सांगता आलं नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली होती.

"शब्द गेले की आतला विचारही गेला, असंच समजा," डॉक्टरांनी लेकीला सांगितलं आणि बापलेकीबरोबर तेही खाली जायला लिफ्टपाशी आले.

भरलेली लिफ्ट आली. डॉक्टर आत शिरले. बाबांनी कान टवकारले, चौकटीवर तळवा टेकला आणि एकदम काठी दारात आडवी घातली. आतले सगळे ओरडू लागले.

"बाबा, सोडा ना!" लेक रडकुंडीला आली. डॉक्टरांनी काठी खेचून पाहिली, पण बाबांची मूठ सुटेना. शेवटी लिफ्ट रिकामी करून मेकॅनिकला बोलवावं लागलं.

तो लिफ्टच्या वरच्या मशीन-खोलीतून घामाघूम होऊन उतरला. "ब्रेक जेमतेम धरतोय. एवढी माणसं घेऊन निघाली असती, तर थेट तळाला आदळली असती. कुणी अडवली?"

डॉक्टर बाबांसमोर आले. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

 

"राहू द्या, डॉक्टर," लेक म्हणाली. "बोलता येत नसलं तरी आत विचार चाललाय, कळतंय मला."